खालच्या स्वराचा निकाल : बेस गिटारवर पट्टी शोधताना

गायकाने पेटीवाल्याकडे वळून 'काळी चार' म्हटले की आपल्याकडे पट्टीचा प्रश्न मिटतो. चौथ्या काळ्या पट्टीवर षड्ज धरायचा, बाकीचे राग पाहून घेईल. ही पद्धत मराठी कानाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की 'काळी चार' हे नाव नेमके किती सांगते, याचा विचार सहसा होत नाही. ते एका जागेचे नाव आहे. त्या जागेवरून गंधार शुद्ध घ्यायचा की कोमल, याबद्दल ते काहीच बोलत नाही. पाश्चात्त्य पद्धतीत पट्टी सांगताना दोन गोष्टी एकत्र सांगाव्या लागतात : षड्ज कोणता, आणि त्यावरचा गंधार शुद्ध की कोमल, म्हणजेच मेजर की मायनर. आपण ज्याला 'काळी चार' म्हणू ते त्यांच्याकडे ए-फ्लॅट मेजर असेल किंवा जी-शार्प मायनर. पेटीवर ती एकच जागा असली तरी गाण्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी घरे आहेत.

मुळात आपल्या मैफलीत षड्ज शोधावा लागतच नाही. तो तंबोऱ्यावर आधी लावलेला असतो आणि मैफल संपेपर्यंत हलत नाही. पण समोर एक ध्वनिमुद्रित गाणे आहे, त्यात तंबोरा नाही, स्वरलिपीचा कागद नाही, विचारायला कुणी नाही, तर त्याचा षड्ज कसा ठरवायचा? जगभरचे हौशी वादक हे काम कानाने करत आले आहेत आणि त्यांतले बरेच जण ते बेस गिटारवर करतात, कारण अशा गाण्यात तंबोऱ्याची जागा, म्हणजे सर्वांत खालची जागा, त्या वाद्याकडे असते. फक्त हा तंबोरा चालता आहे. दर दोन-चार मात्रांनी तो आपला स्वर बदलतो, आणि त्याचा कुठला स्वर षड्ज आणि कुठला वाटेवरचा मुक्काम, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे असते. गाण्याची पट्टी गाण्यात कुठेतरी लपलेली आहे आणि ती हुडकून काढायची आहे, असा या कामाबद्दल सार्वत्रिक समज आहे. मला तो अपुरा वाटतो. अनेक गाण्यांत पट्टी खालच्या स्वराने *ठरवलेली* असते आणि शोधणाराही ती पुन्हा एकदा ठरवतच असतो. गाण्यांवरच्या आपल्या लेखनात या ठरवण्याला जागा नाही, आणि हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे.

पेटीवर पट्टी शोधणाऱ्याला वाटते की गाण्याला लागणारे सात स्वर सापडले म्हणजे काम झाले. समजा, सातही पांढऱ्या पट्ट्या निघाल्या. पांढरी एक हा षड्ज मानला तर बिलावल मिळतो. दोन मानली तर काफी, तीन मानली तर भैरवी, चार मानली तर कल्याण, पाच मानली तर खमाज, सहा मानली तर असावरी. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा थाट त्याच सात पट्ट्यांत बसलेले आहेत. मूर्च्छनेची कल्पना ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. स्वरांच्या यादीवरून गल्ली कळते, घर कळत नाही.

बेस गिटारवर हे काम वेगळ्या वाटेने होते. या वाद्याला साधारणपणे चार तारा असतात : सर्वांत जाड ई, मग ए, डी आणि सर्वांत बारीक जी. शेजारच्या दोन तारांमध्ये षड्ज-मध्यमाचे अंतर असते. त्यामुळे एका बोटाखाली षड्ज धरला की त्याच फ्रेटवर शेजारच्या बारीक तारेवर मध्यम आणि शेजारच्या जाड तारेवर मंद्र पंचम आयताच मिळतो. शुद्ध गंधार बारीक तारेवर एक फ्रेट मागे, कोमल गंधार दोन फ्रेट मागे. गाणे लावायचे, जाड तारेवर एकेक फ्रेट वर सरकत जायचे आणि प्रत्येक स्वर गाण्याखाली चार-सहा आवर्तने धरून बघायचा. बारांपैकी बरेचसे स्वर लगेच खटकतात. शेवटी दोन किंवा तीन उरतात, आणि ते बहुधा षड्ज, पंचम आणि कधीकधी मध्यम असतात. पंचम तरंगतो, षड्ज बसतो. हे वाक्य शास्त्रीय नाही, पण ज्याने करून पाहिले आहे त्याला ते पटेल. गंधार त्यानंतर तपासायचा. तोवर पट्टीचे नाव उच्चारू नये.

यात एक भौतिक अडचण आहे. बेसची मोकळी ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, ए तार ५५ वेळा. ट्रान्झिस्टरच्या किंवा मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला इतका खालचा स्वर उमटवताच येत नाही. तरी आपल्याला बेस ऐकू येतो, कारण त्या स्वराचे वरचे उपस्वर, म्हणजे ८२, १२३, १६५ कंपनांचे आणि त्याहून वरचे, कानापर्यंत पोचतात आणि मेंदू त्यांवरून नसलेला पाया उभा करतो. पण यातला तिसरा उपस्वर पंचमाचा आहे. स्पीकर वाईट असेल तर नवखा कान त्यालाच पकडतो आणि पंचमाला षड्ज समजून बसतो. म्हणून हे काम चांगल्या हेडफोनवर करावे.

बारा स्वर एकेक करून लावून बघण्याची ही युक्ती मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतही गेली आहे. अमेरिकेत कॅरोल क्रुमहान्सल आणि एडवर्ड केसलर यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ऐकणाऱ्यांना आधी एखादी पट्टी स्पष्ट करणारे थोडे संगीत ऐकवले जाई, मग बारांपैकी एक स्वर. हा स्वर आधीच्या संगीताशी किती जुळतो, याला गुण द्यायचे. सर्वांत जास्त गुण षड्जाला मिळाले, मग पंचम-गंधारादी सोबत्यांना, मग पट्टीतल्या इतर स्वरांना आणि सर्वांत कमी पट्टीबाहेरच्यांना. १९८४ साली कॅस्टेलानो, भरूचा आणि क्रुमहान्सल यांनी हाच प्रयोग हिंदुस्थानी संगीतावर केला. तिथेही षड्ज आणि पंचम वर आले, आणि ही श्रेणी भारतीय श्रोत्यांइतकीच पाश्चात्त्य श्रोत्यांनाही जाणवली. पुढे संगणकाला पट्टी ओळखायला शिकवताना याच गुणांचा मोठा उपयोग झाला.

प्रयोगशाळेतला स्वर आणि बेसवादकाचा स्वर यांत मात्र एक मूलभूत भेद आहे. प्रयोगात संगीत थांबल्यावर स्वर दिला जातो, त्यामुळे संगीत जे होते तेच राहते. बेसवादक आपला स्वर चालू गाण्याच्या *खाली* देतो आणि त्याबरोबर वरच्या साऱ्या स्वरांचा अर्थ बदलतो. गिटारवादकाने सी, ई, जी हे तीन स्वर एकत्र छेडले तर तो सी मेजरचा कॉर्ड होतो, प्रसन्न आणि निःशंक. गिटारवादकाने बोट हलवले नाही आणि बेसवादकाने खाली ए लावला, तर त्याच तीन स्वरांचा ए मायनरचा एक प्रकार बनतो. सी आता षड्ज उरला नाही, तो कोमल गंधार झाला. वर गाणाऱ्याला कदाचित याचा पत्ताही नसेल. वर लावलेला स्वर गाण्यात बसतो की नाही एवढेच कळते. खाली लावला तर गाणेच त्याच्यावर येऊन बसते. म्हणून बेसवर पट्टी तपासणारा माणूस प्रश्न विचारता विचारता उत्तरही देत असतो.

काही गाणी घेऊन पाहू.

मायकेल जॅक्सनचे 'बिली जीन' १९८२च्या 'थ्रिलर'मधले. बेस लुई जॉन्सनचा. एका मापात आठ स्वर, आणि तेच पुन्हा पुन्हा. एफ-शार्प, म्हणजे आपली काळी तीन, हा षड्ज धरला तर त्या आठ स्वरांची सरगम अशी होते : सा, मंद्र पंचम, मंद्र कोमल निषाद, सा, मग पुन्हा निषाद, पंचम, त्याखालचा मध्यम आणि पंचम. षड्ज कुठे आहे याबद्दल इथे शंकेला जागाच नाही. प्रत्येक मापाचा पहिला ठोका त्यावर पडतो आणि बाकीचे स्वर त्याच्या खाली घुटमळून त्याच्याकडेच परततात. पण या ओळीत गंधार नाही. एकटी बेसची ओळ ऐकून हे गाणे मेजर की मायनर, हे कुणालाही सांगता येणार नाही. ते सांगतात वरचे सिंथेसायझरचे कॉर्ड : पहिल्यात कोमल गंधार आहे, दुसऱ्यात शुद्ध धैवत. म्हणजे काफी. ध्रुवपदाच्या आधी डी मेजरचा कॉर्ड येतो तिथे धैवत कोमल होतो आणि गाण्याचा चेहरा गडद होतो. इथे बेस आपल्या 'काळी तीन' या नावासारखाच वागतो. जागा ठणकावून सांगतो आणि गंधाराबद्दल मौन पाळतो. या गाण्यातली सारी धास्ती त्या मौनात आहे, असे माझे मत आहे. बेसने गंधार आधीच सांगून टाकला असता तर वरच्या कॉर्डना सांगण्यासारखे काही राहिले नसते.

दुसरे उदाहरण भांडणाचे आहे. लिनर्ड स्किनर्ड या अमेरिकन वाद्यवृंदाचे १९७४चे 'स्वीट होम अलाबामा' तीन कॉर्डवर फिरते : डी, सी, जी. हे गाणे डीमध्ये आहे की जीमध्ये, यावर गिटारवाल्यांचे एकमत होत नाही. तिन्ही कॉर्डचे स्वर एकत्र केले तर जी मेजरचे सातही स्वर मिळतात, म्हणजे जी षड्ज मानला तर सरळ बिलावल. डी षड्ज मानला तर त्याच सात स्वरांचा खमाज. जीच्या बाजूने बोलणारे दाखवतात की आवर्तनात जी एकटा डी आणि सी या दोघांच्या मिळून इतका वेळ घेतो आणि आवर्तन त्यावरच येऊन थांबते. डीवाले म्हणतात, आवर्तन सुरू तर डीपासून होते. बेसवर दोन्ही करून पाहावे. पूर्ण आवर्तनाखाली एकटा डी धरला तरी गाणे उभे राहते, जी धरला तरी उभे राहते. मी स्वतः डीच्या बाजूचा आहे. खमाज ऐकत वाढलेल्या कानाला कोमल निषादाचे घर हे अर्धवट घर वाटत नाही, त्यामुळे डीवर बसायला आपल्याला पाश्चात्त्य श्रोत्याइतका संकोच होत नसावा. पण जीवाल्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. गंमत पुढेच आहे. वॉरन झेव्हॉनचे १९७८चे 'वेअरवुल्व्ह्ज ऑफ लंडन' हे गाणे याच तीन कॉर्डवर, याच क्रमाने चालते आणि ते मात्र बहुतेकांना जीमध्येच ऐकू येते. २००८ साली किड रॉक या गायकाने 'ऑल समर लाँग'मध्ये दोन्ही गाणी एकत्र गुंफली, आणि ती बिनतक्रार गुंफली गेली. स्वर तेच, क्रम तोच, निकाल मात्र वेगळा! पट्टी ही स्वरांतच असती तर असे झाले नसते.

तिसरे गाणे मला या विषयातले सर्वांत मोलाचे वाटते. बीच बॉइजच्या १९६६च्या 'पेट साउंड्स'मधले 'गॉड ओन्ली नोज'. त्याचा संगीतकार ब्रायन विल्सन हा त्या मंडळींचा मंचावरचा बेसवादक होता, ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे. या गाण्याची पट्टी ई मेजर मानावी की ए मेजर, यावर अभ्यासकांतही वाद आहे. कारण असे की विल्सन षड्जावर पाय ठेवायचे टाळतो. कडव्याची सुरुवातच डी मेजरच्या कॉर्डने होते आणि त्याखाली बेसवर डीऐवजी ए असतो. पुढे ई मेजरचा कॉर्ड येतो तेव्हा खाली ई न येता बी येतो, म्हणजे त्याचा पंचम. ध्रुवपदात तोच कॉर्ड जी-शार्पवर, म्हणजे गंधारावर, बसवलेला आहे. घर दिसते, पण दर वेळी खिडकीतून. ज्या गाण्याचे शब्द प्रेमाची ग्वाही देताना एका अनिश्चिततेपासून सुरू होतात, त्याला याहून समर्पक खालची ओळ कशी असावी?

इथे वाचकांपैकी कुणाकडे बेस गिटार असेल तर त्यांनी एक प्रयोग करावा. विल्सनची खालची ओळ सोडून द्यायची आणि प्रत्येक कॉर्डखाली त्याचाच मूळ स्वर लावायचा : डीखाली डी, ईखाली ई. पट्टी लगेच बरीच स्वच्छ ऐकू येते, आणि गाणे एखाद्या प्रार्थनागीतासारखे सपाट होऊन जाते. चाल तीच आहे, शब्द तेच आहेत, कॉर्डही तेच. कानाने शिकवणारी पुस्तके नवशिक्याला पहिल्या दिवशी हाच मूळ स्वराचा नियम सांगतात. साध्या गाण्यांपुरता तो ठीक आहे. पण या गाण्याला तो लावला तर पट्टी सापडते आणि गाणे हरवते.

हे सारे परदेशी गाण्यांपुरते असते तर मी ते एवढ्या विस्ताराने लिहिले नसते. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात चाल बांधणारा आणि चालीखाली काय असावे हे लिहिणारा, ही पुष्कळदा दोन वेगळी माणसे होती. ग्रेगरी बूथ यांनी 'बिहाइंड द कर्टन' या २००८च्या ग्रंथात या वादकांच्या आणि संयोजकांच्या मुलाखतींमधून ही व्यवस्था तपशिलाने मांडली आहे. संगीतकार पेटीवर चाल सांगे आणि ती सरगममध्ये टिपली जाई. संयोजक, आणि त्यांत गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या शाळांतून स्टाफ नोटेशन शिकून आलेले अनेक जण होते, त्या चालीभोवतीचे वाद्यमेळाचे स्वर लिहून काढी. शंकर-जयकिशनकडचे सेबॅस्टियन डिसूझा हे त्यांतले सर्वश्रुत नाव. पुढे राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ यांचा बेस गिटार आला आणि खालची ओळ सामान्य श्रोत्यालाही वेगळी ऐकू येऊ लागली. आता मघाचे सी-ई-जीचे उदाहरण आठवावे. चालीतला एक लांबलेला सी हा गाण्याचा षड्ज आहे की कोमल गंधार, हे चाल स्वतः पूर्णपणे ठरवत नाही. ते खालचा स्वर ठरवतो. मग एखादे गाणे 'उदास' आहे किंवा 'मोकळे' आहे असे आपण लिहितो, तेव्हा त्या भावाचे श्रेय नेमके कुणाचे?

चित्रपटगीतांवर मराठीत प्रेमाने आणि भरपूर लिहिले गेले आहे. मी त्या लेखनावरच वाढलो. पण त्याची चौकट ठरलेली आहे : शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, गळा गायकाचा, आणि राग कोणता याची चर्चा. राग ठरवताना लेखक चालीचे स्वर गोळा करतो आणि षड्ज गृहीत धरतो, जणू तंबोरा लावलेलाच आहे. ज्या गाण्यात खाली कॉर्डांची रचना आहे तिथे हे गृहीतक तपासायला हवे. चालीच्या स्वरांवरून एखादे गाणे काफीचे ठरेल आणि बेस ऐकला तर त्याच्या दोन ओळी काफीच्या आणि तिसरी दुसऱ्याच षड्जावरच्या बिलावलाची निघेल. अशा वेळी 'मिश्र काफी' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तिथे स्वर मिसळलेले नसतात. षड्ज हललेला असतो, आणि तो कुणीतरी विचारपूर्वक हलवलेला असतो. संयोजकाच्या या निर्णयाला नाव द्यायला आपल्याकडे परिभाषाच नाही. 'काळी-पांढरी'च्या नावांना मेजर-मायनर जोडून वादक मंडळी आपसांत काम भागवतात, 'काळी एक मायनर' वगैरे. ही खिचडी भाषा मला उपयोगी वाटते आणि समीक्षकांनी ती नि:संकोच उचलावी.

ज्यांना हे काम आपल्या जुन्या गाण्यांवर करायचे आहे त्यांच्यासाठी एक तांत्रिक गोष्ट. पट्टीचे नाव लिहिण्याआधी आपल्यासमोरची प्रत कुठली, हे पाहावे. चित्रपटाची फीत सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चालते. आपल्याकडची दूरदर्शनची पद्धत सेकंदाला २५ चौकटींची, त्यामुळे पडद्यावरचा चित्रपट टीव्हीवर दाखवताना सामान्यतः किंचित वेगाने पळवला जाई. वेग सुमारे चार टक्क्यांनी वाढे आणि त्याबरोबर सारे स्वर जवळजवळ पाऊण अर्धस्वराने वर चढत. त्याच पद्धतीच्या व्हीसीडी-डीव्हीडीवरही हा चढ सापडतो. मूळ गाणे काळी एकमध्ये असेल तर टीव्हीवरून टेप केलेल्या कॅसेटवर ते पांढरी दोनच्या अगदी जवळ ऐकू येईल. कानाने शोधणाऱ्याला बेसवर कुठलाच फ्रेट नीट जुळत नाही तेव्हा ही शंका घ्यावी. बीटल्सच्या १९६७च्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'मध्ये तर वेगवेगळ्या पट्टीच्या आणि लयीच्या दोन ध्वनिमुद्रणांचा वेग कमी-जास्त करून ती एकमेकांना जोडली आहेत, आणि गाणे पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधे कुठेतरी बसते. त्याच्याबरोबर वाजवायचे तर बेसच्या चारही खुंट्या आधी पिळून घ्याव्या लागतात. ऑर्केस्ट्रात वाजवलेल्या मंडळींकडे गाण्यांच्या पट्ट्या लिहिलेल्या जुन्या वह्या असतात. त्यातली नोंद टीव्हीवरून ऐकून केलेली असेल, तर 'पांढरी दोन'च्या जागी काळी एक आहे का, हे तबकडी लावून एकदा पडताळून घ्यावे.